आईच्या ऑपरेशनआधीचे तीन आठवडे

प्रश्न : माझ्या आईला (वय 64) गुदाशयाचा कर्करोग आहे. तीन आठवड्यांनी ऑपरेशन ठरलंय. तिला मधुमेह आहे, हिमोग्लोबिन 8.2 आहे. सहा महिन्यांत वजन 58 वरून 49 किलोवर आलंय. दिवसातून तीनदा मिश्री लावते. आतड्याचा जोड गळू शकतो, म्हणून काही महिने पोटावर पिशवी लावावी लागेल, असं सर्जन म्हणतात. आई पिशवीला तयार नाही. धोका कशाने वाढतो? आम्ही काय करू शकतो?
— एक वाचक, ता. कराड

उत्तर : गाठ काढल्यावर आतड्याची दोन टोकं जोडतात. हा जोड गुदद्वाराच्या जितका जवळ, तितका गळण्याचा धोका जास्त. ते गाठीच्या जागेवर ठरतं, तिथे तुमचा इलाज नाही. बाकी बरंच तुमच्या हातात आहे.

आधी मिश्री. ‘ती काही बिडी ओढत नाही’ असं घरचे मला नेहमी सांगतात. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटीन हिरडीतून रक्तात जातं, बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि जोड भरून यायला तर रक्तच लागतं. आजपासून बंद करा. डबी घरात ठेवूच नका.

वजनाची मला जास्त काळजी वाटते. नऊ किलो म्हणजे पंधरा टक्के. सहा महिन्यांत दहा टक्के घटलं तरी आम्ही सावध होतो. आईला रोज साधारण 60 ते 70 ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, म्हणजे नुसत्या वरणभातावर भागणार नाही. अंडी, दूध, पनीर, घट्ट डाळ, मासे, जे पोटाला सोसेल ते थोडं थोडं, पाच-सहा वेळा द्या. गुरुवार, एकादशी काही धरत असतील तर सध्या सोडायला लावा. साखरेची औषधं मात्र डॉक्टरांना विचारून जुळवून घ्या.

हिमोग्लोबिन गोळ्यांनी तीन आठवड्यांत फारसं वर येणार नाही. लोहाचं सलाईन देता येईल का, हे याच आठवड्यात विचारा. रोज सकाळ-संध्याकाळ अंगणात चालवा.

ऑपरेशननंतरचे पहिले आठ-दहा दिवस डोळ्यांत तेल घालून बघा. माझे एक शेतकरी रुग्ण पाचव्या दिवशी एवढंच म्हणाले, “जरा बरं वाटंना.” ताप नव्हता, पोटही मऊ होतं. पण आदल्या दिवशी 84 असलेली नाडी 118 झाली होती. सीटी स्कॅनमध्ये जोड गळत होता. त्याच रात्री परत ऑपरेशन केलं, ते वाचले. तेव्हा नाडी वाढली, धाप लागली, पोट फुगलं, आई गप्प गप्प झाली, तर सकाळच्या राऊंडची वाट बघू नका. लगेच नर्सला बोलवा.

आता पिशवी. जोडाच्या वर आतड्याचं तोंड पोटावर काढतात, मळ तिथून पिशवीत येतो. तिने जोड गळायचा पूर्ण थांबत नाही. पण गळलाच तर मळ पोटात पसरत नाही, जीवावरचं संकट टळतं. बहुधा दोन-तीन महिन्यांनी, केमो असेल तर ती संपल्यावर, हे तोंड बंद करून पिशवी काढतात. जागेची खूण ऑपरेशनच्या आधीच करून घ्या, आईला उभं करून, बसवून, वाकवून. परकराची नाडी जिथे बसते तिथे ती येता कामा नये. त्या दिवशी आईला नेहमीचा परकर-लुगडं नेसवूनच न्या.