प्रश्न तुमचे : पॉलिश पेपर खाली ठेवा

प्रश्न : काका, मी नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. इथल्या रविवारच्या जुन्या बाजारात कमोडोर 64 हा जुना घरगुती संगणक आणि गेमच्या दोन कार्ट्रिज (गेम साठवलेल्या, संगणकाच्या मागे खोचायच्या डब्या) मिळाल्या. एक छान चालते. दुसरी लावली की गेम येतच नाही, नुसता निळा पडदा आणि त्यावर ‘30719 बेसिक बाइट्स फ्री’. दोन्ही उघडून पाहिल्या. चालते तिच्यात आयसीच (चिपच) नाही, डांबरासारखा काळा ठिपका आहे! न चालणारीत काचेची खिडकी असलेली आयसी आहे आणि खिडकीवरचा स्टिकर अर्धा निघालाय. कडेचे कॉन्टॅक्ट काळपट झालेत. ऑफिसातला मित्र म्हणतो, बारीक पॉलिश पेपर मार. मारू का?
– एक वाचक, हॅनोव्हर

उत्तर : नका मारू. पत्र वाचल्या वाचल्या मी घरात म्हणालो, ह्याला आजच कळवायला हवं. पण मासिक पडलं महिन्याचं, तेव्हा पेपर अजून हातात असेल तर खाली ठेवा.

भोसरीच्या एका पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्डांच्या, कारखान्यात माझी एकोणीस वर्षं प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा चढवायच्या, टाक्यांपाशी गेली. बोर्डाच्या कडेला जी पिवळ्या पट्ट्यांची रांग असते, तिला आम्ही गोल्ड फिंगर म्हणायचो. तुमच्या कार्ट्रिजला वर 22 आणि खाली 22 फिंगरांची जागा असते. भिंग घ्या आणि एका फिंगरचं टोक बघा. तिथून एक बारीक रेघ निघून बोर्डाच्या कडेशी तुटलेली दिसली, तर ती चूक समजू नका. विजेने सोनं चढवायचं तर प्रत्येक फिंगरपर्यंत करंट पोचायला हवा. म्हणून सगळी फिंगरं बाहेरच्या एका पट्टीला जोडून बोर्ड टाकीत सोडायचा. सोनं चढलं की पट्टी कापायची आणि कड दोन्हीकडून तिरपी घासायची, म्हणजे बोर्ड सॉकेटात न अडखळता शिरतो. तुटकी रेघ ही त्या पट्टीची खूण.

हे सोनं दागिन्याचं नव्हे. त्यात किंचित कोबाल्ट असतो, त्याने ते कडक होतं आणि शंभरदा लावलं-काढलं तरी टिकतं. खाली निकेलचा थर, कारण तांब्यावर थेट सोनं दिलं तर तांबं हळूहळू वर झिरपतं. आणि सोन्याची जाडी? एक मायक्रॉनच्या आतबाहेर. पॉलिश पेपरचे दोन हात फिरले की खेळ खलास.

नवखा असताना हा उद्योग मी स्वतः केलाय. डागी म्हणून बाजूला काढलेले चाळीसेक बोर्ड झीरो पेपरने चकचकीत केले आणि शाबासकीच्या आशेने इन्स्पेक्शनला नेले. तिथल्या बाईंनी एक बोर्ड ट्यूबलाइटखाली तिरका धरला, पिवळ्याच्या जागी पांढुरकं निकेल दिसलं, आणि अख्खा लॉट भंगारात. त्या दिवशी डबा एकट्यानेच खाल्ला.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी घ्या, फिंगरच्या लांबीच्या दिशेने पुसा. काळपटपणा हटत नसेल तर पांढरा मऊ खोडरबर हलक्या हाताने. शाळेतल्या लाल-निळ्या खोडरबराची निळी बाजू नको, ती पॉलिश पेपरचीच धाकटी बहीण. आणि कार्ट्रिज लावताना-काढताना संगणक बंद हवा, हे काही विचारायचं नाही.

आता तुमचा आकडा. तो लिहून पाठवलात म्हणून निम्मं काम झालं. तो म्हणजे प्रोग्रामसाठी उरलेली मेमरी. कार्ट्रिज नसताना हा संगणक 38911 दाखवतो. तुमच्याकडे 30719. फरक 8192, म्हणजे बरोबर आठ किलोबाइट. बोर्डावरचं 9 नंबरचं फिंगर, एक्सरॉम नावाचं, थेट ग्राउंडच्या (शून्य व्होल्टच्या) ट्रॅकला, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेला, जोडलेलं असतं, मध्ये एकही पार्ट नाही. ते टेकलं की संगणक मेमरीतली 32768 क्रमांकापासूनची आठ किलोबाइट जागा कार्ट्रिजला सोडून देतो. म्हणजे तुमचं नऊ नंबर ठीक आहे. पण पुढे तो 32772 पासून पाच खुणा शोधतो : सी, बी, एम, 8, 0. त्या सापडल्या तरच गेम सुरू करतो. तुमच्याकडे घोडं तिथे अडलंय.

पुसून झाल्यावरही अडलं, तर त्याच निळ्या पडद्यावर ‘प्रिंट पीक’ लिहून कंसात 32772 टाका, मग 32773, असं 32776 पर्यंत. उत्तरं 195, 194, 205, 56, 48 यायला हवीत. समजा 195, 195, 205, 57, 49 आली, तर सम आकडे तेवढे एकाने वाढलेत. म्हणजे डेटाची सर्वांत खालची लाइन, आकडा सम की विषम ते ठरवणारी, पोचत नाहीये, आणि ती 21 नंबरच्या फिंगरवर आहे, टोकाच्या ग्राउंडच्या शेजारी. तेवढंच पुन्हा पुसा, त्याच्या ट्रॅकवर मल्टिमीटर लावा.

आकड्यांत काहीच ताळमेळ नसेल तर मात्र मला त्या खिडकीचा संशय येईल. ती आयसी ईप्रॉम आहे, म्हणजे पुसून पुन्हा भरता येणारी मेमरी चिप. अतिनील प्रकाशाने पुसायची म्हणून तिला खिडकी असते, आणि पुसताना शून्याचे एक होतात. अशा चिपच्या डेटाशीटमध्ये लिहिलेलं असायचं : थेट उन्हात साधारण आठवडा, ट्यूबलाइटखाली तीनेक वर्षं. तुमचा स्टिकर किती वर्षं अर्धवट आहे कोण जाणे. आधी खिडकी झाका. पुसली गेली असली तरी चिप मेली असं नाही. ईप्रॉम प्रोग्रामर असलेला कोणीही ती पूर्ण पुसून पुन्हा भरून देईल.

काळा ठिपका बघून दचकू नका, माल नकली नाही. आयसीचं प्लास्टिक आणि पाय हा खर्च वाचवायला उघडी सिलिकॉनची चकती बोर्डावरच चिकटवतात, केसाहून बारीक तारांनी ट्रॅकला जोडतात आणि वर काळ्या एपॉक्सीचा थेंब सोडतात. स्वस्त आणि आटोपशीर, पण आतली एक तार तुटली की दुरुस्ती नाही. म्हणून नखाने टोकरून बघू नका, सोल्डरिंग आयर्न तर जवळही नेऊ नका. ती चालतेय ना? मग डबी पुन्हा मिटवून खुशाल खेळा. दुसरीचे पाच आकडे मात्र पुढच्या पत्रात कळवा.