आईचं नाव सातबाऱ्यावर वडिलांच्या हयातीतच लावा

लग्नाला 45 वर्षं झाली, जमीन एकट्या वडिलांच्या नावावर. आईचं नाव आत्ताच लावा म्हटलं तर वडील दुखावतील का, आणि पुढं वारस म्हणून लागणारच आहे तर घाई कशाला, असं तुम्ही विचारलंय.

लागेल, पण टिकेल का ते बघा. स्वकष्टार्जित 80 गुंठे, मागं बायको, दोन मुलगे, एक मुलगी, तर चौघांना 20-20 गुंठे. वडिलांची आई हयात असेल तर तीही वर्ग एकची वारस (हिंदू वारसा कायद्यात पहिला हक्क असलेली), मग पाच जणांत 16-16. कायदा इथवर चोख आहे. पण आमच्या तासगाव-पलूसकडं दिवसकार्य उरकलं की बहिणींच्या हक्कसोडपत्राची (आपला वाटा सोडल्याच्या दस्ताची) तयारी सुरू होते आणि त्याच दस्तात आईलाही घालतात. "तुला आता काय करायचंय, पोरं बघतीलच की." दुय्यम निबंधकाकडं तिचा फोटो निघतो, मशीनवर अंगठा टेकवला जातो, झालं. जन्मभर द्राक्षाची विरळणी केली, हळद शिजवली, त्या रानात बाईचा गुंठाही उरत नाही. नोंदणी झालेला दस्त फिरवायचा तर दिवाणी कोर्टाची पायरी.

लक्ष्मीमुक्ती योजना 1992 पासून आहे. नवऱ्यानं अर्ज द्यायचा, बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. चालू सातबारा, 8अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा), दोघांची आधार कार्डं जोडा. तलाठी फेरफार (हक्कबदलाची नोंद) धरतात, हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस निघते, मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आईचं नाव आधारवर आहे अक्षरशः तसंच लिहा. आधारवर माहेरचं आणि सातबाऱ्यावर सासरचं झालं की पुढं प्रत्येक अर्ज अडतो.

मात्र सातबाऱ्यावरची नोंद म्हणजे पक्की मालकी नव्हे. त्यासाठी बक्षीसपत्र, म्हणजे मोबदला न घेता जमीन देऊन टाकल्याचा दस्त करा. शेतजमीन किंवा राहतं घर बायकोला देताना मुद्रांक 200 रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. दोन साक्षीदार लागतात. आईनं बक्षीस स्वीकारल्याचं वाक्य दस्तात घाला, कारण तो स्वीकार वडिलांच्या हयातीतच व्हावा लागतो.

आमचे थोरले बंधू अजून म्हणतात, बाईचं नाव लागलं की घरात दोन चुली होतात. दादा, चुली भावाभावांच्या वाटणीवरून वेगळ्या होतात. आईचं नाव असलं तर तिचा हिस्सा तिच्या सहीशिवाय कुणाला विकता येत नाही, आणि गावच्या पीककर्ज देणाऱ्या सोसायटीची सभासद होऊन ती स्वतःच्या नावावर पीककर्ज काढू शकते.

वडिलांचं म्हणाल तर मुलानं कागद पुढं सरकवून सही मागितली की दुखावतात, आपल्या मरणाची तयारी चाललीय असं वाटतं. हंगाम संपल्यावर, सुना-जावयांसमोर नव्हे, फक्त तुम्ही आणि वडील असताना विषय काढा.

जमीन वडिलोपार्जित असेल तर मात्र तुमचा आणि बहिणींचाही हक्क आहे. आधी वाटणी, मगच बक्षीसपत्र. भोगवटादार वर्ग 2 (सरकारी अटी असलेली जमीन) असेल तर सरकारी परवानगी लागते. सातबाऱ्यावर इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा बोजा (कर्जाची नोंद) असला तर आधी सोसायटीच्या सचिवांना भेटा, कारण बक्षीसपत्रानं बोजा उतरत नाही, तो जमिनीबरोबर आईकडं येतो.