आयर्लंडमधलं किल्केनी शहर गाइड न घेता पायी फिरता येतं का?

आरामात येतं, गाइडची काही गरज नाही. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून ट्रेन पकडा, दीडेक तासात पोचता. कॅसलपासून सेंट कॅनिस कॅथीड्रलपर्यंतच्या पट्ट्याला मिडीव्हल माइल म्हणतात, नुसतं चालायचं म्हटलं तर अर्धा तासही लागत नाही पण तुम्ही अख्खा दिवस ठेवा खरंच.

सुरुवात कॅसलपासून करा. हा किल्ला 1967 साली मालकांनी फक्त 50 पाउंडांत गावाला देऊन टाकला! मग हाय स्ट्रीटने चालत राहा, थोल्सेलच्या (म्हणजे टाउन हॉलच्या) जवळच उजव्या हाताला बटर स्लिप नावाचा अगदी अरुंद बोळ आहे, पूर्वी तिथे लोणी विकायचे, तो चुकवू नका कारण त्यातून खाली उतरलं की सेंट किरन स्ट्रीट लागतो आणि तिथे कायटलर्स इन नावाचा जुना पब. 1324 मध्ये अ‍ॅलिस कायटलरवर चेटकिणीचा आरोप झाला, ती पैसेवाली, निसटून गेली, पण तिची मोलकरीण पेट्रोनिला हिला फटके मारून जिवंत जाळलं. मला त्या दारासमोर उभं राहून तिचीच आठवण येते, अ‍ॅलिसची नाही.

पुढे रोथ हाउस, 1594 ते 1610 मधलं व्यापाऱ्याचं घर, मागे बाग आहे, तिथे निवांत बसा. शेवटी कॅथीड्रलजवळचा गोल मनोरा, साधारण 30 मीटर, वर चढता येतं पण आत उभ्या अरुंद शिड्या आहेत, गुडघे दुखत असतील तर राहू द्या. बूट चांगले घाला आणि रेनकोट हवाच.