आधी आदेश बघ

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या बातमीचा मसुदा वाचला. एका वाहिनीचा व्हिडिओ भारतात दिसेनासा झाला, एवढ्यावर तू पहिल्याच ओळीत आणीबाणी आणलीस. तो कुणी काढायला लावला आणि कुठल्या कलमाखाली, हे मात्र शेवटपर्यंत नाही. राग नंतर काढ, आधी आदेश बघ.

कलमाने काय फरक पडतो म्हणशील, तर माहिती-तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ आठव. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद होती. त्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, मैत्रिणीने त्या नुसत्या लाइक केल्या, आणि दोघींनाही अटक झाली. ६६अ मध्ये ‘त्रास’, ‘गैरसोय’ असले ऐसपैस शब्द आणि तीन वर्षांपर्यंत कैद. गैरसोय कुणाची आणि किती, हे ठाण्यातल्या साहेबांनी ठरवायचं! श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द केलं. तरी त्याखाली गुन्हे नोंदवले जातच होते, हे २०२१ मध्ये त्याच न्यायालयापुढे आलं. म्हणून कागद मागायचा. कधी कधी कागदावरचं कलमच अस्तित्वात नसतं.

त्याच निकालाचा दुसरा भाग लोक सोयीने विसरतात. त्याच कायद्यातलं कलम ६९अ न्यायालयाने कायम ठेवलं. त्याखाली केंद्र सरकार मजकूर बंद करू शकतं, पण देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व, सार्वजनिक सुव्यवस्था अशा मोजक्या कारणांसाठीच, आणि ती लेखी नोंदवून. मंत्र्यांना टीका झोंबली, हे त्यात बसत नाही. गोम वेगळीच आहे. या कलमाखालच्या २००९ च्या नियमांतला नियम १६ बंदीच्या विनंत्या, तक्रारी आणि त्यांवरची कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो. त्यामुळे कारणं लिहिलेली असली तरी ज्याचा व्हिडिओ गेला त्याच्या हाती पडतीलच असं नाही. तुझी बातमी इथे आहे, आणि तू ती सोडून विशेषणांच्या मागे लागलीस. व्हिडिओ बंद केल्याबद्दल वाहिनीवाल्यांना आलेली ईमेल मागवून घे, अक्षर न् अक्षर वाच.

दुसऱ्या बाजूला भाबडेपणाही नको. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भटक्या माणसांना जमावाने ठेचून मारलं. त्यामागे व्हॉट्सअॅपवरून फिरणारी अफवा होती. खोट्याने माणसं मरतात, हे मान्य करूनच पुढे लिही. प्रश्न उरतो तो खरं-खोटं ठरवणार कोण, याचा. माहिती-तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२३ च्या सुधारित नियमांनी केंद्र सरकारच्या कारभाराविषयीच्या मजकुराबाबत हा अधिकार सरकारच्याच तथ्य-तपासणी कक्षाला दिला. विनोदवीर कुणाल कामरा वगैरेंच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल यांनी तो नियम घटनाबाह्य ठरवला, न्या. नीला गोखले यांनी वैध. सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी पटेलांशी सहमती दर्शवली आणि नियम पडला. दोन्ही निकालपत्रं वाच, गोखल्यांचं आधी. तुला ते पटणार नाही, म्हणूनच.

आणि ते ‘गळचेपी’ शीर्षकातून काढ. ईमेलमध्ये ६९अ निघालं तर माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाला लेखी प्रश्न पाठव, उत्तर आलं नाही तर तसं छाप. नवा मसुदा रविवारपर्यंत दे. सोमवारी मी गावी चाललोय, तिथे रेंज नाही.