डागी डाळिंबं आणि पिचलेल्या केळ्यांपासून घरी यीस्टने इथेनॉल करून मोटरसायकलमध्ये घालता येईल का?

तुम्ही सोलापूर मार्केट यार्डात फेकून दिलेली डाळिंबं-केळी बघून विचारलंय. ते ढीग बघून माझाही जीव तुटतो. यीस्टने त्यांचं इथेनॉल नक्की होईल. पण घरच्या घरी गाडीत घालण्याजोगं होणार नाही. मी आपल्याच जिल्ह्यात एका डिस्टिलरीत फर्मेंटेशनला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी माल किती टन निघतो ते विसरा, त्यात साखर किती ते बघा. बागायतदाराकडे रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असतोच. रसाचा थेंब टाकला की 14-15 ब्रिक्स दिसेल, म्हणजे 100 ग्रॅम रसात साधारण 14-15 ग्रॅम साखर. क्विंटलभर डाळिंबातून 40 किलो रस धरा, म्हणजे साखर साडेपाच-सहा किलो. एक किलो साखरेतून यीस्ट जास्तीत जास्त 511 ग्रॅम इथेनॉल देतं, बाकीचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. प्रत्यक्षात थोडी घट येतेच. क्विंटलमागे हातात पडतं तीन-साडेतीन लिटर.

त्यापेक्षा अवकाळीत भिजून काळी पडलेली ज्वारी बघा. क्विंटलला 35-40 लिटर. फक्त यीस्टला स्टार्च खाता येत नाही, त्यामुळे पीठ शिजवून अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) घालून आधी त्याची साखर करावी लागते.

आता आपल्या उन्हाचं. मागच्या एप्रिलमध्ये भाच्याच्या प्रोजेक्टसाठी त्याच्या कॉलेजच्या लॅबमध्ये 20 लिटरच्या कॅनमध्ये रस लावला. साली काढल्या होत्या, त्यातलं टॅनिन यीस्टला सोसत नाही. झाकणातून काढलेली नळी पाण्याच्या बाटलीत बुडवली, संध्याकाळपर्यंत बुडबुड जोरात सुरू. दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत 41 अंश, आणि आंबताना कॅन स्वतःही तापतो. हात लावला तर चांगलाच गरम. रात्री बुडबुडे बंद, रस मात्र अजून गोडच. यीस्टला 30-32 अंश मानवतात. पुढच्या वेळी कॅनला ओलं बारदान गुंडाळून दर दोन तासांनी पाणी मारलं, तेव्हा तीन दिवसांत साखर उतरली. (आंबायला लागल्यावर रिफ्रॅक्टोमीटर चुकीचं दाखवतो, तिथून पुढे रसाची घनता मोजणारा हायड्रोमीटर वापरा.)

खरी अडचण पाण्याची. साध्या ऊर्ध्वपातनाने वजनाच्या 95.6 टक्क्यांपुढे जाताच येत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल 99.5 टक्के लागतं; त्यासाठी कारखान्यात मॉलिक्युलर सिव्हमधून, म्हणजे पाणी शोषणाऱ्या सच्छिद्र दाण्यांच्या थरातून, पाणी काढतात. पाणी राहिलेलं इथेनॉल पेट्रोलमध्ये ओतलं तर टाकीच्या तळाशी वेगळा थर बसतो आणि गाडी बंद पडते.

आणि घरी भट्टी लावू नका, हे कळकळीने सांगतो. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली तो गुन्हा आहे, राज्य उत्पादन शुल्कचा परवाना लागतो. शिवाय इथेनॉलची ज्योत भर उन्हात दिसत नाही, भाजल्यावरच कळतं.

2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात खराब धान्य, सडके बटाटे यांपासून इथेनॉल करायला मान्यता आहे. तेव्हा गावातली काळी ज्वारी शेतकरी कंपनीमार्फत एकत्र करा आणि धान्यावर चालणाऱ्या डिस्टिलरीशी बोला. डाळिंब-केळ्याचा लगदा मात्र शेणासोबत गोबर गॅसला घाला, तिथे पाण्याचं ओझं वाटत नाही. सुरुवात थोड्यापासून करा. एकदम पाटीभर आंबट फळं ओतली तर गॅस आठवडाभर बसतो.