बेल वाजली की टीव्ही बंद

होटगी रोडचा बंगला विकून जुळे सोलापुरात भाड्याच्या घरात आलेल्या एका ताईंचं चार पानी पत्र आलंय, नाव छापू नका म्हणल्यात. थोडक्यात असं की एमआयडीसीत २४ लूमचा टॉवेलचा कारखाना होता, सूत महागलं, एक्स्पोर्टचं पेमेंट अडकलं, बँकेचे हप्ते थकले आणि तीन वर्षांपूर्वी सगळं बंद. मिस्टर आता दुसऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत आणि रात्री गाढ झोपतात, यांना मात्र झोप नाही. भिशीच्या ग्रुपमधनं काढलं, नणंदेच्या मुलाच्या साखरपुड्याचं बोलावणं नुसतं व्हॉट्सॲपवर आलं, चार-पाच दिवसांनी नळ आला की घागरी स्वतः भराव्या लागतात. नशीब एवढंच की ३८ तोळे सोनं माहेरी आईकडं आहे. शेवटी विचारलंय, "काकू, पैशाबरोबर सुखही जातं का? मन कशात रमवू?"

ताई, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा वाटेना. कारण तिसऱ्या पानावर, साखरपुडा आणि घागरींच्या मधे, तुम्ही हे लिहिलंय: "आमच्याकडं १९ वर्षं कांडी भरायला होती ती बाई दर महिन्याला हिशोबासाठी येते, आता विड्या वळते म्हणे. बेल वाजली की मी टीव्ही बंद करून गप्प बसते. मिस्टर म्हणाले होते देऊन टाकू, मी म्हणलं आधी आपलं बघा." आणि पुढच्या ओळीला परत नणंद.

मी तिथंच अडकले बघा. भिशीतल्या सहा जणींची नावं आहेत पत्रात, नणंदेनं कुठल्या रंगाची पैठणी नेसली होती तेपण आहे, सोफा कुणी किती पडत्या भावात नेला ते आहे, आणि जी बाई १९ वर्षं तुमच्या शेडमध्ये त्या लूमच्या आवाजात बसून सुताच्या कांड्या भरत होती, जिच्या कांडीशिवाय तुमच्या लूमचा एक धोटा हलला नसता, तिचं नाव चार पानांत एकदाही नाही. ती "बाई".

तुम्हाला वाटतंय तुमची झोप बंगल्यानं नेली. काय ओ ताई, सोलापुरात राहता ना? १८७७ ची जुनी मिल गेली, लक्ष्मी गेली, विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली, ज्या भोंग्यावर अख्खं गाव घड्याळ लावायचं तो भोंगा गेला. पानिपतचा माल सोलापुरी चादर म्हणून खपतोय आणि आपल्या चादरवाल्यांचे लूम भंगारात चाललेत. इथं दर दुसऱ्या गल्लीत एक घर असंय ज्याचं कधीतरी बरं चाललं होतं. ते लोक जेवतात, भांडतात, गड्ड्याच्या जत्रेला जाऊन पोरांना पाळण्यात बसवतात आणि झोपतात की. श्रीमंती गेल्याचा त्रास होतो, नाही म्हणत नाही, पण तीन वर्षं रात्र रात्र छताकडं बघायला लावेल असा तो त्रास नसतो.

माझे वडील मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते, कुठल्या ते जाऊ दे. मिल बंद पडल्यावर ते दर शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून हिशोबाचं विचारायला जायचे. शर्ट तो एकच चांगला होता. ते परत आले की आई काही विचारायची नाही, आधी तो शर्ट अंगावरनं काढून घ्यायची आणि खुंटीला लावायची, पुढच्या शनिवारपर्यंत चुरगळू नये म्हणून. त्यामुळं तुमच्या दाराच्या आतलं मला फारसं कळत नसेल, बाहेरचं पाठ आहे. आणि एक सांगते, बाहेरच्याला कळतं. टीव्ही चालू होता आणि बेल दाबल्यावर बंद झाला, हे जिन्यात उभ्या असलेल्या माणसाला स्पष्ट ऐकू येतं. ती बाई प्रत्येक वेळी ते ऐकून खाली उतरते आणि तरी पुढच्या महिन्याला येते.

आता हिशोबच करू, कारण तुम्ही पत्रात सगळे आकडे लिहिले फक्त हा सोडून. तिचा हिशोब म्हणजे ग्रॅच्युइटी, नोकरी सुटताना मालकानं द्यायची रक्कम. तुमचा कारखाना बंद पडला तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या कायद्याचं गणित सोपं आहे, शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. समजा शेवटी तिला महिना ९,००० पडत होते, तर १९ वर्षांचे होतात साधारण ९८,६५०. (दहा माणसं असली की हा कायदा लागू व्हायचा, आणि एकाच शेडचे कागदावर तीन मालक दाखवून ती दहाच्या खाली कशी ठेवतात हे मला माहितीय, तो वाद माझ्याशी घालू नका.) सोनं तोळ्याला लाखाच्या पुढं गेलंय. सराफ घट धरेल, ती धरून एखादी अंगठी जास्त घाला. म्हणजे ३८ मधलं फार तर एक तोळं आणि वर थोडं. एवढ्यासाठी तुम्ही तीन वर्षं स्वतःच्या घरात चोरासारख्या बसलाय.

बंगला गेला, गाडी गेली, ते तुमचं होतं. पण तिचं जे तुमच्याकडं आहे ते कुठंही गेलेलं नाही, ते तुमच्या आईच्या कपाटात आहे.

मिस्टरांचंही मला कौतुक नाही. एकदा "देऊन टाकू" म्हणायचं आणि बायकोनं नको म्हणलं की कूस बदलून घोरायचं. पण पत्र त्यांनी नाही लिहिलं, तुम्ही लिहिलंय, म्हणून तुम्हालाच सांगते. मेडिटेशनचं विचारलंय ते नका करू. भिशीवाल्यांना फोन नका करू, त्या परत घेणार नाहीत आणि घेतलं तरी करणार काय. घागरींचं तर बोलूच नका, अख्खं सोलापूर भरतंय.

या आठवड्यात माहेरी जा. आईला कारण सांगायची गरज नाही. एक पाटली आणा, सराफ बाजारात मोडा, आणि पैसे रोख न्या, तुमच्या चेकवर तिनं आता का विश्वास ठेवावा? हजेरीचं पुस्तक ठेवलं असेल तर त्यात बघा, नसेल तर मिस्टरांना उठवा आणि तिचं नाव आणि पत्ता विचारून घ्या. पूर्व भागात कुठंतरी असेल, नाहीतर कुंभारीला रे नगरात, २०२४ च्या जानेवारीत विडीवाल्यांना आणि लूमवाल्यांना १५ हजार घरं दिली तिथं. तिथनं जुळे सोलापुरापर्यंत यायला रिक्षाला किती पडतात ते जाताना मोजा, त्याला छत्तीसनं गुणा आणि तेवढे वर घाला. मुलीला किंवा दुसऱ्या कुणाला पाठवू नका, स्वतः जा. ती काही बोलली तर ऐकून घ्या, सॉरीबिरीचं भाषण नको, "मी घरातच असायचे" एवढं मात्र तोंडानं सांगा.

दाराला बेल बहुतेक नसेल. कडी वाजवा आणि थांबा.