टेबल सॉचं हँडल फिरतंय, ब्लेड वर येत नाही: कंपनीशी भांडायच्या आधी पिन बघा

तुमची अडचण मला समजली ती अशी. दहा इंची, साइटवर उचलून न्यायची टेबल सॉ (टेबलातून वर येणाऱ्या गोल ब्लेडनं फळी कापायचं मशीन), घेऊन १४ महिने झाले, वॉरंटी वर्षाची होती. ब्लेड वर-खाली करायचं हँडल नुसतं गरागरा फिरतंय. सर्व्हिस सेंटरनं मशीन न उघडताच ‘गिअर गेला, सुटा येत नाही, पूर्ण असेंब्ली घ्या’ म्हणून सांगितलं. असेंब्लीचा भाव ऐकून तुम्हाला वाटतंय की त्यापेक्षा नवीन मशीन बरी. आणि तोवर काम अडू नये म्हणून मोटरखाली लाकडाची पाचर मारून ब्लेड वर धरलंय.

आधी ती पाचर काढा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. या मशीनची मोटर बटण दाबल्याबरोबर झटका मारते. पाचर दोन दिवस धरेल आणि तिसऱ्या दिवशी ऐन कापात सरकेल. ब्लेड सरळ खाली गेलं तर नशीब समजा. ते जरा वाकडं होऊन मागची बाजू फेन्सकडे (फळी टेकवून सरकवायच्या पट्टीकडे) गेली, तर मागून वर येणारे दात फळी उचलतात आणि तुमच्या पोटाच्या दिशेनं फेकतात. १२ एमएम प्लायचा हातभर तुकडा माझ्या पाठीमागच्या भिंतीच्या गिलाव्यात असा घुसला होता. मी ब्लेडच्या रेषेपासून डावीकडे उभा होतो, म्हणून वाचलो.

आता मशीन. प्लग काढा, ब्लेड उतरवा, जुन्या गोधडीवर मशीन उलटी करा, खालचं झाकण असेल तर खोला आणि ब्रशनं भुसा झाडा. मग एका हातानं हँडल हळूहळू फिरवा आणि हालचाल कुठपर्यंत पोचते ते बघा. हँडल फिरतंय पण त्याचा दांडा जागचा हलत नाही, तर हँडल दांड्यावर धरणारी रोल पिन (गुंडाळलेल्या पत्र्याची छोटी पोकळ खीळ) तुटली आहे. ही पिन हार्डवेअरच्या दुकानात चहाच्या पैशांत मिळते, आणि तुमच्या वर्णनावरून मला पहिला संशय तिचाच येतोय. दांडा फिरतोय पण उभा स्क्रू फिरत नाही, तर गिअर दांड्यावर धरणारी पिन किंवा गिअरची जोडीच गेली. स्क्रूही फिरतोय आणि मोटरचा पाळणा, म्हणजे मोटर आणि ब्लेड धरणारा सांगाडा, हलत नाही, तर ज्या नटमधून स्क्रू जातो त्याचे आटे गेले. तीन वेगळे रोग, तीन वेगळे खर्च. सर्व्हिस सेंटरवाला तिन्हींना ‘असेंब्ली’ हे एकच औषध देतो, कारण त्याच्या टेबलावर दिवसभर ग्राइंडर आणि ड्रिल येतात. टेबल सॉ त्याला कधीमधीच दिसते. पोरं वाईट नसतात, पण त्यांना हे मशीन माहीत नसतं.

माझ्या मशीनचा गिअर खरंच गेला होता. जस्ताच्या मिश्रधातूचा, साच्यात ओतलेला. तुटलेला दात नखावर घेऊन बघितला तर आतून राखाडी, खडीसाखर फोडल्यासारखा दाणेदार. असा दात झिजून जात नाही, जोर बसला की एकदम उडतो. मग जोर कुठून आला? स्क्रू पुसायला घेतला तेव्हा कळलं. मी स्वतः प्रेमानं त्याला भरपूर ग्रीस चोपडलं होतं. वर्षभराचा एमडीएफचा भुसा त्या ग्रीसमध्ये बसून, वाळून, आट्यांमध्ये डांबरासारखा घट्ट झाला होता. हँडल जड लागायला लागलं तसा मी जास्त जोर लावत गेलो, आणि शेवटी सगळ्यात कच्च्या दुव्यानं दम तोडला. कंपनीला शिव्या घातल्या त्या घातल्याच, पण निम्मा दोष माझा होता. तुम्हीही नवा पार्ट टाकण्याआधी स्क्रू आणि सरकायच्या जागा रॉकेल व जुन्या टूथब्रशनं धुवून काढा. ग्रीस लावू नका. मेणबत्तीचं मेण किंवा ग्रॅफाइटची पूड, कोरडं काय ते लावा. हे केलं नाही तर नवा गिअरही तसाच जाईल.

कंपनीकडून पार्ट काढायचा तर फोनवर वेळ घालवू नका. फोनवर ‘तक्रार नोंदवली आहे, सर’ यापलीकडे मला काही मिळालं नाही. नेटवर तुमच्या मॉडेलचा सुटे भाग उलगडून दाखवणारा नकाशा शोधा. त्यात प्रत्येक तुकड्याला आकडा असतो आणि खाली पार्ट नंबर. परदेशातला नकाशा असला तरी हरकत नाही, फक्त अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्टवर चालतं आणि आपलं २३० वर, तेव्हा मोटर आणि स्विचचे नंबर तिकडून उचलू नका. गिअर, स्क्रू, पिन हे बहुधा तेच असतात, तरी दात मोजून खात्री करा. मग ईमेल. मशीनच्या पाटीचा सिरियल नंबर दिसेल असा फोटो, बिल, तुटलेल्या तुकड्याचा फोटो पट्टी ठेवून, आणि हँडल फिरतंय पण ब्लेड हलत नाही याचा वीस सेकंदांचा व्हिडिओ. ‘मशीन खराब आहे’ असं लिहू नका, ‘अमुक नंबरचा गिअर, नग १, किंमत व मुदत कळवा’ असं लिहा. मला पहिलं उत्तर आलं की सुटा मिळत नाही. मी परत विचारलं, ‘तुमच्याच नकाशात याला वेगळा नंबर आहे, तरी सुटा मिळत नाही असं लेखी द्याल का?’ लेखी कुणी दिलं नाही. पाच आठवड्यांनी पाकीट आलं, त्यात गिअर एकच. जोडीतला दुसरा मागवायला आणखी तीन आठवडे. तेव्हा दोन्ही एकदम मागवा.

ग्राहक आयोगाबद्दल विचारलंय. २०१९च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. एकट्यानं पोट भरण्यासाठी मशीन वापरत असाल तरी तुम्ही ग्राहकच ठरता. कारखाना चालवत असाल तर कंपनी ‘व्यापारी वापर’ म्हणून हात वर करील. पण वॉरंटी संपल्यावर दोष मुळातला होता हे तुम्हाला दाखवावं लागेल, आणि माझ्यासारखं ग्रीस चोपडलं असेल तर ते जड जाईल. गिअरच्या जोडीसाठी मी तारखा घालत बसणार नाही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मात्र जरूर तक्रार टाका. पैसे पडत नाहीत, आणि तक्रार कंपनीत सर्व्हिस सेंटरच्या वरच्या माणसाकडे जाते.

बाहेरून बनवून घ्यायचा विचार वाईट नाही. पुण्यात भोसरीच्या बाजूला गिअर कापणारे छोटे वर्कशॉप आहेत, मुंबईकर असाल तर नागदेवी स्ट्रीटला चौकशी केलीत की कुणीतरी पत्ता देतो. फक्त माप नीट न्या. हे बेव्हल गिअर आहेत, म्हणजे शंकूसारखे उतरते, एकमेकांना कोनात लागणारे. त्यामुळे साध्या गिअरचं मोड्यूल (दाताच्या आकाराचं माप) काढायचं सूत्र, म्हणजे बाहेरचा व्यास भागिले ‘दातांची संख्या अधिक दोन’, इथे चालत नाही. दोन्ही गिअरचे दात सारखे आणि दांडे काटकोनात असतील तर दोनच्या जागी १.४१४ घ्या. माझे दात १६, व्यास २६.१ मिमी. २६.१ भागिले १७.४१, म्हणजे मोड्यूल १.५. साध्या सूत्रानं १.४५ येत होतं आणि वर्कशॉपवाला डोकं खाजवत होता. (होय, कंपनीचा दुसरा गिअर यायच्या आत मी एक जोडी करूनही घेतली. ती अजून डब्यात पडून आहे.) दोन्ही एकाच पोलादात करा. एक पोलादी आणि एक जुना जस्ताचा ठेवला, तर पोलादी दुसऱ्याला खाऊन टाकतो.

गिअर, पिन, नट, हँडल बाहेर करा. आर्बर (ब्लेड बसतं तो दांडा), ब्लेडमागची रायव्हिंग नाइफ (कापलेली फळी ब्लेडवर आवळू न देणारी उभी पट्टी), गार्ड आणि स्विच मात्र कंपनीचेच घ्या, कितीही थांबावं लागलं तरी. रायव्हिंग नाइफची जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दातांच्या कापापेक्षा कमी लागते. पत्रेवाल्याकडून अंदाजानं कापून आणलेली पट्टी एक तर फळी अडवते, नाहीतर काहीच करत नाही.

जोडून झालं की ब्लेड सरळ आहे का बघा. एका दातावर पेननं खूण करा, तो पुढे आणून मायटर स्लॉटपासून (टेबलावरच्या ब्लेडला समांतर खाचेपासून) अंतर मोजा, मग ब्लेड हातानं फिरवून तोच दात मागे नेऊन पुन्हा मोजा. तोच दात घ्यायचा, नाहीतर ब्लेडचा बाक मापात येतो. फरक ०.१ मिमीच्या आसपास असेल तर कामाला लागा. जास्त असेल तर पाळण्याचे बोल्ट सैल करून जुळवा, प्लग काढूनच.

आज संध्याकाळी मशीन उलटी करून पिनचा आणि दातांचा फोटो टाका. पिन शाबूत असेल तर दातांची संख्या आणि व्यास लिहा. व्यास न झिजलेल्या गिअरचा घ्या, मोड्यूल मी काढून देतो.